घेवड्यातली पावलं

पाव्हणं, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. प्रवरेच्या काठावर पिंड ठेवून आम्ही मागं सरतोय, तोच तो बाभळीवरून उतरला, भात उचलला आणि गेला. बराच वेळ उन्हात उभं राहायचं म्हणून डोक्यावर टॉवेल घेतलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "काय माणूस! जीव कशात म्हणून ठेवला न्हाई." बायका पुन्हा रडल्या. मी मात्र चिडलो होतो.

मी त्या कावळ्याच्या भरवशावर आलो होतो. कावळा अडला की घरचे एकेक करून पुढे होतात, हात जोडतात आणि गेलेल्याला शब्द देतात. गाय विकणार नाही म्हणतात, नातवाला शिकवू म्हणतात. मी ठरवलं होतं, कावळा अडला की पुढे व्हायचं आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचं, "रंगनाथराव, मागच्या साली घेवड्यात काय झालं ते मी गावाला सांगून टाकतो." मग कावळा शिवला असता. तुमचा जीव कशात अडकला होता आणि तो मोकळा कुणी केला, हे सगळ्यांनी बघितलं असतं. कबुलीतही मला थोडा मान हवा होता. पण तुमचं काही अडलंच नव्हतं.

त्या दिवशी घाटावर माणसं किती होती! बेलापूरचे व्यापारी, हिरावहिनींच्या माहेरची टेम्पो भरून आलेली मंडळी, ज्यांच्याशी तुमचं बांधावरून भांडण झालं होतं तेही. मी एकेक चेहरा बघत होतो आणि मनात म्हणत होतो, यातला माझ्या दहाव्याला कोण येईल? तिथं हे मनात यायला नको होतं. पण आलं.

आपण साडू. सासऱ्यांनी दोन्ही मुली एकाच गावात, बांधाला बांध असलेल्या घरांत दिल्या. थोरली हिरा तुम्हाला, धाकटी मंदा मला. गावाला तुम्ही अण्णा आणि मी नाना, पण हाकेच्या अंतरावर राहूनही आपण जन्मभर एकमेकांना पाव्हणं म्हणत राहिलो. सासरे घोडेगावच्या बाजारात बैल पारखायचे आणि माणसंही त्याच नजरेनं बघायचे. एका अधिक महिन्यात दोघे जावई पाटावर जेवायला बसलो होतो, तेव्हा ते पंक्तीत म्हणाले, "थोरला चालायला बरा, धाकटा दिसायला बरा." सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि मग माझ्याकडे बघून हसू आवरलंत. थोड्या वेळानं तुमच्या ताटातला एक पुरणाचा धोंडा उचलून माझ्या ताटात ठेवलात. मला बरं वाटावं म्हणून ठेवला असेल. तो मी खाल्लाही. पण पाव्हणं, तो अजून खाली उतरलेला नाही.

तुमच्या कशाकशाचा हेवा केला, हे आता आठवून मलाच नवल वाटतं. तुमच्या हसण्याचा केला. तुमच्या गाईच्या दुधाचा केला. तुमच्या उकिरड्याचासुद्धा केला! लोक उकिरड्यावरून नाक धरून जातात. तुमच्या ढिगाजवळ मात्र माणसं थांबायची. तुम्ही शेण, पाचट, पालापाचोळा थरांनी रचायचात, पाणी मारायचात, पुन्हा पुन्हा पालटायचात. थंडीत सकाळी त्यातून वाफ निघायची. आलेल्या माणसाचा हात धरून तुम्ही ढिगात घालायला लावायचात.

"बघा, किती गरम हाय. यात तणाचं बी भाजून निघतं. कच्चं शेण टाकलं की आख्खं गवत रानात पेरल्यासारखं हुतं."

मी बांधावरून ओरडायचो, "शेणात हात घालायला मी मोकळा न्हाई. देवानं मला पंप दिलाय."

"पंपानं जमिनीचं पोट भरतं व्हय?"

"आणि शेणानं लव्हाळा मरतो व्हय?"

लव्हाळ्याचं चिवट तण तुमच्या खतानंही मरत नव्हतं आणि माझ्या औषधानंही. पण भांडताना दोघेही ते विसरायचो.

तणनाशक गावात पहिल्यांदा मी आणलं. कुठल्या पिकात कोणतं, पेरणीनंतर कधी, कोणत्या नोझलनं, हे विचारायला लोक माझ्या ओट्यावर यायचे. मंदा कुरकुरत चहा करायची. तुमच्याकडे लोक दुधाला यायचे, सल्ल्याला यायचे, भांडण मिटवायला यायचे, नुसते बसायलाही यायचे. माझ्याकडे फक्त औषधासाठी. ती एकच गोष्ट माझी होती.

मागच्या खरिपात तुम्ही तीही मागायला आलात.

ऊस मोडून दोघांनीही घेवडा टोकायचं ठरवलं होतं. खुरपायला बायका मिळत नव्हत्या आणि हिरावहिनींचे गुडघे गेले होते. तुम्ही बांधावर उकिडवे बसलात, तंबाखू मळली आणि म्हणालात, "पाव्हणं, यंदा तुमचं औषध आणि माझं खत एका रानात घालून बघू. पण तुमच्या हाताचं माप नको. डब्यावर लिहिलंय तेवढंच. तुम्ही जावयाला वाढल्यासारखं औषध वाढता."

मी हसलो. आतून मात्र सुखावलो होतो. सगळ्या जन्मात तुम्ही माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट.

कसं करायचं हे तुम्ही आधीच डोक्यात जुळवून आला होतात. मुरलेलं खत रानभर पसरायचं नाही. ओळीत काकरी पाडून त्यात घालायचं, मातीनं झाकायचं आणि त्यावर बी टोकायचं. औषध वरच्या मातीवर, बी उगवायच्या आधी. "खत खाली, औषध वर. दोघांची गाठच पडायची न्हाई. आपल्या दोघांच्या बायकांसारखं आपलं खत-औषध बहीण-बहीण नसू द्या, जावा-जावा असू द्या. एका घरात, पण चुली वेगळ्या." हे बोलून तुम्ही स्वतःच लई हसलात. औषधानं पहिलं तण रोखायचं. खतानं घेवडा जोमात वाढून ओळीतली जागा झाकायची. मधे एक खुरपणी, बस.

इतकं साधं होतं ते. आणि मी इतकी वर्षं औषध मारत होतो, मला सुचलं नव्हतं. माझं रान स्वच्छ असायचं, पण जमीन घट्ट होत चालली होती. घेवडा पिवळा पडून बसायचा, जागा झाकायचा नाही, आणि मागाहून तण यायचं. ते मला दिसत होतं. कबूल करत नव्हतो.

फवारणीच्या दिवशी मी तुम्हाला शिकवलं. जमीन वाफशावर होती, ओलसर पण पायाला न चिकटणारी. पंप तुमच्या पाठीवर चढवला आणि म्हणालो, "पाव्हणं, आता मागं मागं चालायचं. मारलेल्या जागेवर पाय द्यायचा न्हाई. मातीवर औषधाची साय धरते. पाय पडला की साय फाटली, आणि तिथनं तण वर आलं."

तुम्ही शाळेतल्या पोरासारखे मागं मागं चालत गेलात. सासरे म्हणाले होते ते चालणं. उलटं चालतानाही तुमची ओळ सरळ होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हिरावहिनींना घेऊन दवाखान्यात गेलात. मी बांधावर उभा होतो. तुमचं रान ओलसर, सपाट, एकसारखं. माझं रान शेजारीच, त्यावर मी सवयीप्रमाणे हात सैल सोडून औषध मारलेलं. मला त्या क्षणी कळलं की हे तुमचं जमणार आहे. माझं औषध तुमच्या हातात माझ्यापेक्षा शहाणं होणार. मग लोक त्याच्यासाठीही तुमच्याच ओट्यावर येणार.

मी चप्पल काढली नाही. बांधावरून उतरलो आणि तुमच्या रानातून आडवा चालत गेलो, पार विहिरीकडच्या कडेपर्यंत. टाच रोवून, दाबून. परत मात्र कडेच्या बांधावरून आलो. तिथं काम होतं असंही मी स्वतःला सांगितलं नाही.

घेवडा उगवला. तुमचं रान असं दिसत होतं की रस्त्यानं जाणारे मोटरसायकल थांबवायचे. फक्त मधून एक पट्टा गेला होता. माठ, केना, गाजर गवत, सगळं एका रेषेत. तुम्ही मला हाक मारलीत. आपण दोघं त्या पट्ट्याच्या टोकाला उभे राहिलो. तण पावलापावलानं उगवलं होतं, पाव्हणं. एक झुपका, मग मोकळी जागा, मग दुसरा झुपका. टाचेच्या जागी दाट, बोटांकडे विरळ. आणि डावीकडचे झुपके बाहेरच्या बाजूला वळलेले. बैलगाडीवरून पडल्यापासून माझा डावा पाय बाहेर पडतो. हे गावात कोणाला माहीत नाही?

मी म्हणालो, "खतानं औषध खाल्लं."

तुम्ही आधी पट्ट्याकडे बघितलंत, मग माझ्या पायांकडे. "खातं बरं का खत," तुम्ही म्हणालात. "पण डाव्या बाजूला जरा जास्तच खाल्लंय."

आणि हसलात. मग विचारलंत, "मंदाताईंचा खोकला कसा हाय?"

त्या वेळी तुम्ही मला शिवी दिली असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. भांडलो असतो, बायकांनी मिटवलं असतं, धोंड्याच्या जेवणाला पुन्हा शेजारी बसलो असतो. तुम्ही मला भांडायची जागाच दिली नाहीत.

मग मी पुढचं केलं. चौकातल्या हॉटेलात लोक विचारायला लागले, रंगनाथरावांच्या रानात मधेच तण कसं? मी म्हणालो, खत आणि औषध एकत्र चालत नाही. खत औषध धरून ठेवतं, तणापर्यंत जाऊच देत नाही. औषध मारायचं असेल तर खत घालू नका. यात थोडं खरं होतं, म्हणून तर ते पटलं. वर पसरलेलं शेणखत औषध धरतं. पण तुम्ही ते वर पसरलंच नव्हतं आणि हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तुम्ही त्याच बाकावर, हातात बशी घेऊन बसला होतात. समोर बसलेल्या बबननं तुम्हाला विचारलं, "व्हय का अण्णा? नाना म्हनत्यात ते खरं?"

तुम्ही बशीतला चहा संपवलात. "नाना औषधातला माणूस. म्हणतात तर असंल."

त्या एका वाक्यानं माझा खोटेपणा गावाचा नियम झाला. मी म्हटलं असतं तर निम्म्यांनी ऐकलं असतं. तुम्ही मान हलवलीत म्हणून सगळ्यांनी ऐकलं. मला खोटं पाडणं तुमच्या हातात होतं, आणि माझं खोटं उभं राहिलं ते तुमच्या शब्दावर. मला स्वतःचा खोटेपणाही धड स्वतःचा ठेवता आला नाही.

आणि हेही लिहून ठेवतो. तुम्ही तेव्हा मला वाचवलंत ते चुकलं. बबननं त्या बोलण्यावर त्याचा खताचा ढीग डाळिंबवाल्याला देऊन टाकला. वरच्या आळीतल्या दोघातिघांनी यंदा खत घातलंच नाही. तुमच्या मोठ्या मनाची किंमत त्यांच्या जमिनीनं दिली. हा एक वाद आपल्यात राहिला. तुम्ही असतात तर आज मी तुम्हाला बांधावर बोलावून विचारलं असतं, माझी लाज राखणारे तुम्ही कोण?

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी रोज यायचो. वाटायचं, आज बोलतील. एकदा तुम्ही खुणेनं जवळ बोलावलंत. मी कान तोंडाशी नेला. तुम्ही म्हणालात, "ढीग चांगला कुजलाय यंदा. सुनबाईला हात घालून दाखवा." मी हो म्हणालो. मग तुम्ही डोळे मिटलेत. मला बोलायला भरपूर वेळ होता. मी पंख्याकडे बघत बसलो.

दहाव्यानंतर थोड्याच दिवसांत तुमची सून सुरेखा माझ्या ओट्यावर आली. उभीच राहिली.

"नाना, घेवडा टोकायचाय. हे म्हणतात, खत घालू नको, नुसतं औषध मार. आत्यांच्यानं तर आता खुरपं धरवत न्हाई. मामांनी दोन्ही केलं हुतं. तुमी सांगाल तसं करते."

"तुझं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं कोण विचारतंय? तुमीच गावाला सांगितलंय ना, खतानं औषध खाल्लं?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी म्हणालो, विचार करून सांगतो. ती गेल्यावर खरंच विचार केला. आणि कोणता ते ऐका. तिनं नुसतं औषध मारलं तर तिचा घेवडा माझ्यासारखाच पिवळा बसेल. तुमचं रान पहिल्यांदाच माझ्या रानासारखं दिसेल. तुम्ही गेल्यावरसुद्धा, पाव्हणं, मला त्यात गंमत वाटली. दोन दिवस मी ती गंमत जवळ ठेवली. मग मंदानं ताट वाढता वाढता सांगितलं, "हिराअक्का बसून-सरपटत तण उपटायला निघाली हुती, सुरेखानं ओढून घरात आणली." पुढचा घास माझ्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात गेलो. बबन होता, तुमचा मुलगा होता, नेहमीची माणसं होती. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि मी पुढे ढकललं असतं.

"रंगनाथरावांच्या घेवड्यात तण आलं ते खतानं न्हाई," मी म्हणालो. "फवारलेल्या रानातून मी चालत गेलो हुतो. मुद्दाम."

कुणाला आधी कळलंच नाही. बबननं विचारलं, "मुद्दाम म्हंजे? काय आणायला गेल्ते?"

"काही आणायला न्हाई. त्यांचं साधू नये म्हणून."

तुमचा मुलगा उठून बाहेर गेला. "नाना," बबन म्हणाला, "आन माझा खताचा ढीग वो?"

मी यंदा पहिल्यांदाच लावलेल्या ढिगात जे काही कुजेल ते त्याचं, असं मी म्हणालो. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "तो ढीग पन नानांपासनं सांभाळा, त्यावरनंबी चालत जातील!" सगळे हसले. सासऱ्यांच्या पंक्तीत हसले होते तसेच. या वेळी माझ्या ताटात धोंडा ठेवणारं कोणी नव्हतं.

सुरेखाला दोन्ही घालायला सांगितलं. तिचा हात धरून तुमच्या ढिगात घातला, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. गरम होता अजून. काकरीत खत पडलं, बी टोकलं गेलं, वर माती आली. तुमचा मुलगा माझ्याशी बोलत नाही, पण त्यानं पाणी आणून पंप भरून दिला. मी म्हणालो, द्या इकडे, मी मारतो. सुरेखानं पंप स्वतःच्या पाठीवर चढवला.

"तुमी बांधावरच थांबा, नाना. खाली उतरू नका."

मग ती मागं मागं चालत गेली. तिची ओळ तुमच्यासारखी सरळ नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

फवारून झाल्यावर हातपाय धुऊन तिनं घरातून चहा आणला आणि माझ्याजवळ बांधावर ठेवला. म्हणाली, "उद्यापन या. घेवडा उगवंपर्यंत रोज या."

"कशाला?"

तिनं पदर तोंडाला लावला. "मामांनी सांगून ठेवलंय. औषध मारलं की नानांना चहाला बसवत जा, म्हणले. हातात कप असला की माणूस चालत न्हाई."

म्हणजे तिला माहीत होतं. ओट्यावर आली तेव्हाही माहीत होतं. तुम्ही गावाला सांगितलं नाहीत, मुलाला सांगितलं नाहीत, पण तिला सांगून ठेवलंत, आणि तेही कसं, तर माझ्या चहाची सोय लावून. मी हॉटेलात जीव मुठीत धरून जे बोललो, तिथंही तुम्ही आधी पोचला होतात.

घेवड्याला आता पानं फुटली आहेत. मी रोज जातो, पाय माझ्या बाजूला सोडून बसतो, चहा घेतो. सुरेखा साखर जास्त घालते. मग वाकून तुमच्या रानात या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो, एखादं तरी तण दिसतंय का. कुठंच दिसत नाही, पाव्हणं. तरी उद्या पुन्हा वाकून बघीन.